मालकी आणि गल्ला: ग्रीन्सबरोतील एका सहकारी किराणा दुकानाचे प्रकरण

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्तीने स्वतःच्या मालकीचे किराणा दुकान उभे केले, सव्वादोन वर्षे चालवले आणि बंद केले, त्याचा हा अभ्यास. दुकानाचे नाव आणि कार्यकर्त्यांची नावे दिलेली नाहीत. शहराचे नाव दिले आहे, कारण शहराचा इतिहास वगळून हे प्रकरण कळत नाही. हिशेबाच्या भागातले आकडे या दुकानाच्या वह्यांमधले नाहीत. तेवढ्याच आकाराच्या दुकानाचे गणित कसे बसते ते दाखवण्यासाठी मांडलेले ते उदाहरण आहे, आणि जिथे ते येते तिथे तसे म्हटले आहे.

पार्श्वभूमी

ग्रीन्सबरो हे नॉर्थ कॅरोलिनातले सुमारे 3 लाख वस्तीचे शहर. 1 फेब्रुवारी 1960 रोजी इथल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातले चार विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला. पुढे 1998 मध्ये शहराच्या ईशान्य भागातले, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीतले सुपरमार्केट त्याच्या साखळी कंपनीने बंद केले. दुकान तोट्यात नव्हते, असे वस्तीतल्या लोकांचे म्हणणे. आता कोणाला आत येऊ दिले जात नाही असा प्रश्नच उरला नव्हता, दुकानच उरले नव्हते.

अशा भागांना सरकारी भाषेत ‘अन्न-वाळवंट’ म्हणतात. न्यूयॉर्कमधील शेतकरी-कार्यकर्त्या कॅरन वॉशिंग्टन यांना हा शब्द मान्य नाही. वाळवंट निसर्ग घडवतो, हे माणसांनी घडवले आहे, म्हणून त्या ‘अन्न-वर्णभेद’ म्हणतात. अन्नसुरक्षा आणि अन्न-सार्वभौमत्व यांतही असाच फरक आहे. पहिल्यात पोट भरले की झाले. दुसरी कल्पना व्हिया कॅम्पेसिना या शेतकरी चळवळीने 1996 मध्ये जागतिक व्यासपीठावर मांडली, आणि तिच्यात काय पिकवायचे, कुठून आणायचे, कोणत्या भावाने विकायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांसाठी तो जमिनीपासूनच सुरू होतो. 1920 च्या गणनेत देशात 9 लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते, आज ते 50 हजारांच्या आसपास आहेत. शहरात आलेल्या कुटुंबांच्या हातून आधी जमीन गेली होती. नंतर दुकानही गेले.

अडचण

सुपरमार्केट गेल्यावर पुढची दहा-बारा वर्षे दुसरी साखळी आणण्याचे प्रयत्न झाले. कोणी आले नाही. साखळ्या जागा निवडताना घरटी उत्पन्न, वाहनांची वर्दळ आणि आपल्याच जवळच्या शाखेची विक्री किती घटेल, हे पाहतात. गरज हा त्यांच्या तक्त्यातला रकाना नसतो.

संघटनेचे बळ मात्र दुसऱ्याच लढ्यातून आले. याच भागातल्या व्हाइट स्ट्रीट कचराभूमीवर घरगुती कचरा टाकणे 2006 मध्ये थांबले होते. 2011 मध्ये नगर परिषदेने ती पुन्हा सुरू करण्याचा घाट घातला. रहिवाशांनी सभा घेतल्या, न्यायालयात गेले आणि बेत हाणून पाडला. त्या विजयानंतर हातात माणसे होती, याद्या होत्या, एकमेकांवर विश्वास होता. नको असलेली गोष्ट रोखता येते हे कळल्यावर हवी असलेली गोष्ट उभी करता येईल का, हा प्रश्न आपोआपच पुढे आला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वाट पाहण्याचा, म्हणजे सवलती देऊन एखादी साखळी आणण्याचा. यात वस्तीच्या खिशातून काही जात नाही. पण करमाफीची मुदत संपली की दुकानही संपू शकते, आणि 1998 चा अनुभव ताजा होता.

दुसरा पर्याय छोट्या उपायांचा: सामुदायिक बाग, आठवडी बाजार, फिरती भाजीगाडी, एकत्र खरेदीचा गट. यांना भांडवल कमी लागते आणि चूक झाली तरी ती लहान असते. पण बागेतून दूध, तेल, पीठ, साबण येत नाही. ज्या घरात गाडी नाही त्यांना हे सगळे एका फेरीत हवे असते.

तिसरा पर्याय सभासदांच्या मालकीचे, पूर्ण आकाराचे किराणा दुकान. हाच निवडला गेला. निर्णय भावनेच्या भरात झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजार-पाहणी करून घेतली होती आणि दुकान चालू शकेल असे तिच्यात दिसले होते.

दुसरा आणि तिसरा पर्याय एकमेकांचे शत्रू म्हणून पाहिले गेले नाहीत, पण एकापुढे एक पायऱ्या म्हणूनही मांडले गेले नाहीत. आधी एकत्र खरेदीचा गट वर्षभर चालवला असता, तर किती घरे दर आठवड्याला खरोखर पैसे मोजतात हे दुकान बांधण्याआधीच हाती आले असते. या प्रकरणातला हा पहिला निर्णयबिंदू.

काय केले

सहकारी संस्था नोंदवली, पोटनियम केले, एका भागाची (शेअरची) किंमत 100 डॉलर ठेवली. एक सभासद, एक मत. घरोघरी आणि चर्चमधून सभासद नोंदवत संख्या सुमारे 1,300 वर नेली. गरीब वस्तीत हे काम किती चिवटपणाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

जागेसाठी जुन्याच व्यापारी संकुलाकडे नजर होती. ते नगर परिषदेच्या ताब्यात होते आणि ते कोणाला द्यायचे यावर बराच काळ ओढाताण झाली. अखेर समुदायाला कर्ज देणाऱ्या एका ना-नफा वित्तसंस्थेने ते घेतले आणि दुकानाला जागा मिळाली. सुमारे 10,000 चौरस फुटांच्या दुकानासाठी कर्ज, अनुदान आणि सभासदांचा पैसा मिळून जवळपास 25 लाख डॉलर जमले. 2016 च्या शरदात दुकान उघडले. आधीचे बंद होऊन 18 वर्षे झाली होती.

माल कोणता ठेवायचा, हा दुसरा निर्णयबिंदू. अमेरिकेतली बरीच सहकारी दुकाने सेंद्रिय, महाग मालाची असतात आणि त्यांचे गिऱ्हाईक सुखवस्तू असते. इथे तसे करायचे नाही, असे ठरले. रोजची ओळखीची ब्रँड, कोंबडीच्या तंगड्या, मक्याचे ग्रिट्स म्हणजे लापशीची भरड, रताळी, कॉलर्डची रुंद हिरवी पाने आणि परवडणारे भाव. लोकांच्या पानात जे असते तेच फळीवर, हा निर्णय तत्त्वाला धरून होता. पण त्यामुळे दुकान नेमके अशा मालात उतरले जिथे सर्वांत मोठ्या साखळ्यांशी थेट भावाची लढत असते. सेंद्रिय मधाच्या बाटलीचा भाव गिऱ्हाइकाला पाठ नसतो. दूध, अंडी आणि ब्रेडचा असतो.

तिसरा निर्णय वेतनाचा. राज्यातले किमान वेतन तासाला 7.25 डॉलर. वस्तीचे दुकान वस्तीतल्या माणसाला एवढ्यावर राबवणार नाही, म्हणून सुरुवातच त्याहून वरून झाली.

गणित कुठे अडते

आता उदाहरणाचा हिशेब. दुकान आठवड्याचे सातही दिवस 13 तास उघडे, म्हणजे 91 तास. काउंटर, मांस, भाजी आणि फळ्या भरणे मिळून सरासरी 5 माणसे हजर, म्हणजे 455 तास. सरासरी 11.50 डॉलरने सुमारे 5,230 डॉलर. वर तीन व्यवस्थापकांचे पगार आणि मालकाच्या वाट्याचे सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) कर धरले की आठवड्याला साधारण 8,500. भाडे 1,150. वीज 1,200, कारण शीतकपाटे चोवीस तास चालतात. विमा, कार्ड-शुल्क, दुरुस्त्या 1,500. कर्ज 12 लाख डॉलरचे, 5 टक्के व्याज, 10 वर्षांची फेड, तर हप्ता आठवड्याला सुमारे 2,950. बेरीज 15,300 डॉलर.

किराण्यात मालाची खरेदी आणि नासाडी वजा जाता 100 डॉलरच्या विक्रीतून 27 डॉलर हाती राहतात असे धरू. मग तोटा न होण्यासाठी आठवड्याची विक्री सुमारे 56,700 डॉलर हवी. सरासरी बिल 15 डॉलरचे असेल तर रोज 540 बिले. विक्री 40,000 वर अडकली तर आठवड्याला 4,500, वर्षाला 2 लाख 34 हजार डॉलरचा खड्डा. विक्री घटली म्हणून हप्ता घटत नाही, शीतकपाटेही कमी वीज खात नाहीत. पगारात फार तर दहा टक्के कापता येतात, त्यापुढे काउंटरवर रांग लागते आणि असलेले गिऱ्हाईकही जाते.

सभासदांच्या बाजूनेही हेच मांडून पाहावे. 1,300 सभासदांनी आठवड्याला सरासरी 25 डॉलरची खरेदी केली तर 32,500 होतात. उरलेले 24,000 बिगर-सभासदांकडून यायला हवेत. 100 डॉलर एकदाच भरणारा सभासद संस्थेचा मालक होतो. दर शनिवारी पिशवी घेऊन येईल याची ती हमी नव्हे. आपल्याकडच्या ग्राहक भांडारांच्या संचालकांना ही तक्रार तोंडपाठ असेल.

दुकान उघडल्यावर

विक्री अपेक्षेपर्यंत कधीच पोचली नाही. कारणे एकात एक गुंतलेली होती.

सर्वांत खोल कारण सवयीचे. 18 वर्षांत लोकांनी आपापली सोय लावली होती. काही मिनिटांच्या अंतरावर वॉलमार्टचे भव्य दुकान होते. तिथे किराण्याबरोबर औषधे, कपडे, गाडीचे तेल एकाच फेरीत मिळते. नकाशावर एक मैलाचे वर्तुळ काढून आतली घरे मोजली की गरज दिसते. पण खरेदी वर्तुळातून होत नाही, कामावरून घरी येण्याच्या रस्त्यावर होते. नवे दुकान त्या रस्त्यावर नसेल तर त्यासाठी मुद्दाम वळावे लागते.

दुसरे, भाव. एकट्या दुकानाला घाऊक वितरकाकडून ज्या दराने माल मिळतो, त्याहून कमी दराने साखळ्या कधीकधी गिऱ्हाइकाला विकतात. एकाच मालासाठी लहान-मोठ्या खरेदीदारांत भेदभाव करू नये, यासाठी अमेरिकेत 1936 पासून रॉबिन्सन-पॅटमन कायदा आहे, पण 1980 च्या दशकापासून त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली. म्हणजे ‘तुम्ही नीट खरेदी केली नाही’ हा आरोप अशा दुकानावर करणे सोपे असते, पण पूर्ण खरे नसते.

तिसरे, रिकाम्या फळ्यांचे चक्र. लहान किराणा दुकानाला मारणारी ही सर्वांत नेमकी गोष्ट आहे. कॉलर्डची 24 जुड्यांची पेटी 24 डॉलरला घेतली आणि जुडी 1.49 ला लावली असे समजा. सगळ्या विकल्या तर 11.76 डॉलर सुटतात. आठ जुड्या सुकल्या तर हाती येतात 23.84. पेटीची किंमतही निघत नाही. ही पाने शून्य अंशाजवळ आणि 95 टक्के आर्द्रतेत दहा-चौदा दिवस टिकतात, पण उघड्या मांडणीत, पाण्याचा फवारा नसेल तर दोन-तीन दिवसांत माना टाकतात. म्हणून व्यवस्थापक पुढच्या वेळी पेट्या कमी मागवतो. मांडणी विरळ दिसते. गिऱ्हाइकाला वाटते, इथे ताजे नसते. विक्री आणखी घटते. तिकडे वितरकाची किमान मागणी पूर्ण होत नाही म्हणून गाडी आठवड्यातून दोनऐवजी एकदाच येते. गुरुवारी दूध संपले की शनिवारपर्यंत नाही. एकदा दूध न मिळालेली बाई दुसऱ्यांदा संधी देते, तिसऱ्यांदा नाही.

यात अन्न-साहाय्याच्या म्हणजे ‘स्नॅप’ कार्डाच्या तारखा मिसळा. अशा वस्तीत बरीच विक्री या कार्डावर होते आणि पैसे महिन्यातून एकदाच जमा होतात. पूर्वार्धात मांसाचा काउंटर ओसंडतो, शेवटच्या आठवड्यात ओस पडतो. मागणी महिन्याच्या सरासरीने नोंदवली तर 6 तारखेला माल कमी पडतो आणि 27 तारखेला फेकावा लागतो. त्यात एक नियम असा की गरम तयार पदार्थ या कार्डावर घेता येत नाहीत. भाजलेली कोंबडी गार करून शीतकपाटात ठेवली तर चालते, गरम दिली तर नाही. ज्यात सर्वांत जास्त नफा, त्या गरम जेवणाच्या काउंटरला त्यामुळे फक्त स्वतःच्या खिशातून पैसे देणारे गिऱ्हाईक उरते.

बंद करण्याचा निर्णय

तोटा झाला की दोन वाटा राहतात: आणखी पैसा उभा करायचा किंवा थांबायचे. आणखी पैसा म्हणजे बहुतेक वेळा आणखी कर्ज, म्हणजे पुढच्या वर्षीचा हप्ता वाढतो आणि तोटा न होण्याची रेषा वर सरकते. जानेवारी 2019 मध्ये संचालक मंडळाने दुकान बंद केले.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. लवकर थांबले असते तर देणी कमी राहिली असती. दुसऱ्या बाजूला, नव्या किराणा दुकानाला स्थिरावायला तीन-चार वर्षे लागू शकतात आणि ती देण्याइतके खेळते भांडवल इथे नव्हते. पैसा उभा करण्याचे यश मोजताना सगळ्यांचे लक्ष 25 लाखांकडे होते. त्यातले नूतनीकरण, शीतकपाटे आणि पहिला माल यांत किती जाणार आणि उघडण्याच्या दिवशी बँकेत किती उरणार, हा आकडा सभांच्या फलकावर असायला हवा होता.

वेगळे काय करता आले असते

भांडवलाची रचना. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी आठवड्याला सरासरी 4,500 आणि दुसऱ्या वर्षी 2,500 तूट धरली तर दोन वर्षांचा खड्डा सुमारे 3 लाख 64 हजार डॉलर होतो. ही रक्कम कर्ज म्हणून नाही, तर अनुदान किंवा परत न मागता येणाऱ्या भागभांडवलातून, उघडण्याआधी वेगळ्या खात्यात असावी. ती जमली नसेल तर उद्घाटन पुढे ढकलावे. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या लोकांना हे सांगणे कठीण आहे, आणि म्हणूनच ते कोणी सांगत नाही.

आकार. कॅलिफोर्नियातल्या वेस्ट ओकलंडमध्ये कामगारांच्याच मालकीचे एक किराणा दुकान 2009 मध्ये सुरू झाले, साधारण सव्वादोन हजार चौरस फुटांचे. एवढ्या जागेत दोन माणसे मजला सांभाळतात, शीतकपाटे कमी, नासाडी डोळ्यांसमोर. सगळे मिळत नाही, ही त्याची मर्यादा. पण जे ठेवले ते रोज भरलेले दिसते.

भाव. सगळ्या मालात साखळीशी बरोबरी करता येत नाही. लोकांना ज्यांचे भाव पाठ असतात अशा 40 वस्तूंची यादी करावी: दूध, अंडी, ब्रेड, तांदूळ, तेल, कोंबडी, केळी. दर सोमवारी प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात जाऊन त्यांचे भाव लिहून आणावेत आणि या चाळिसांत 5 टक्क्यांच्या आत राहावे. भरपाई मसाले, घरगुती वस्तू आणि कापून ठेवलेल्या फळांतून करावी. ही यादी दाराशी लावली तर ‘महाग आहे’ या कुजबुजीला उत्तर मिळते. ती कुजबुज अनेकदा खऱ्या भावापेक्षा महाग पडते.

सभासदत्व. नोंदणी मोजण्याऐवजी कार्डावरून गेल्या चार आठवड्यांत किती सभासदांनी खरेदी केली हे मोजावे. 1,300 पैकी 400 येत असतील तर उरलेल्या 900 जणांना फोन करून एकच प्रश्न विचारावा: शेवटची पिशवी कुठे भरली आणि का? सर्वसाधारण सभेत अहवाल वाचण्यापेक्षा या फोनचा उपयोग जास्त.

पुरवठा. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न इथे आहे. दुकान वस्तीचे होते, पण फळीवर माल आला कुठून? बहुतांश घाऊक वितरकाच्या गोदामातून, इतर कोणत्याही दुकानासारखाच. नॉर्थ कॅरोलिनात कृष्णवर्णीय शेतकरी आजही आहेत आणि रताळ्याच्या उत्पादनात हे राज्य देशात पहिले आहे. पण शेतकऱ्याकडून थेट घ्यायचे तर कोणीतरी माल धुऊन, प्रतवारी करून, थंड गाडीतून ठरल्या दिवशी आणायला हवा, आणि 30 दिवसांच्या उधारीऐवजी आठवड्यात पैसे द्यायला हवेत. एका दुकानाला हे पेलत नाही. चार-पाच दुकाने, दोन शाळांची स्वयंपाकघरे आणि एखादे रुग्णालय मिळून एक गोदाम चालवले तरच गाडीचे भाडे निघते.

डेट्रॉइटमध्ये क्रम वेगळा होता. तिथल्या कृष्णवर्णीय समुदायाच्या अन्न-सार्वभौमत्व संघटनेने 2006 पासून आधी शेत चालवले, शहराचे अन्नधोरण लिहायला लावले, आणि सहकारी दुकान वुडवर्ड अॅव्हेन्यूवर मे 2024 मध्ये उघडले, 200 डॉलरच्या भागावर. इमारतीत तळमजल्यावर दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर छोट्या खाद्य-उद्योजकांना भाड्याने देण्याची स्वयंपाकघरे व सभागृह. पालेभाजी सुकली तरी त्या आठवड्यात स्वयंपाकघराचे भाडे येते.